जपानी शब्दसंग्रह: वागो, कान्गो आणि गाइराइगो हा भेद शिकणाऱ्याच्या किती कामाचा?

अभ्यासू (प्रश्न)

नमस्कार. मी सध्या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेतील एन-३ या मधल्या पातळीची तयारी करीत आहे. व्याकरण सावकाश का होईना, पण पदरी पडते आहे. शब्दसंग्रहाने मात्र नाकी नऊ आणले आहेत. एकाच अर्थासाठी दोन-दोन, तीन-तीन शब्द समोर येतात आणि त्यांपैकी कोणता कुठे वापरायचा याचा उलगडा होत नाही. ‘वेग’ या अर्थी हायासा, सोकुदो आणि सुपीदो असे तीन शब्द आहेत. ‘नियम’ या अर्थी किमारी, किसोकु आणि रूरु आहेत. ‘सुरू करणे’ यासाठी हाजिमेरु, काइशी सुरु आणि सुताआतो सुरु ही तीन क्रियापदे आहेत. पाठ्यपुस्तकात एवढेच सांगितले आहे की पहिला शब्द वागो म्हणजे मूळचा जपानी, दुसरा कान्गो म्हणजे चिनी वळणाचा आणि तिसरा गाइराइगो म्हणजे पाश्चात्त्य भाषांतून आलेला.

माझे प्रश्न असे आहेत. एक तर, शब्दाचे कूळ माहीत असल्याने तो वापरताना खरोखर काही मदत होते का, की ही केवळ भाषेच्या इतिहासाची माहिती आहे? दुसरे म्हणजे, शब्द पाहून किंवा ऐकून त्याचे कूळ ओळखता येते का? आणि जपानीतील निम्मे शब्द चिनी आहेत असे जे सर्रास म्हटले जाते, ते कितपत खरे मानावे?

कोशवाचक

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आकड्यांनी देता येते आणि ते आकडे नीट वाचले की पहिल्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळते.

ओत्सुकी फुमिहिको यांचा ‘गेन्काइ’ हा कोश १८८९ ते १८९१ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ३९ हजार शब्दांपैकी जवळजवळ ५६ टक्के वागो, ३५ टक्के कान्गो आणि जेमतेम दीड टक्का गाइराइगो होते. उरलेले मिश्र, म्हणजे कोन्शुगो. पुढे राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेने १९५६ सालच्या ९० नियतकालिकांची पाहणी केली. तिच्यात वेगवेगळे शब्द एकेकदाच मोजले तेव्हा कान्गो ४७.५ टक्के, वागो ३६.७ टक्के आणि गाइराइगो ९.८ टक्के भरले. ‘निम्मे शब्द चिनी’ हे विधान अशाच मोजणीवर उभे आहे. परंतु त्याच पाहणीत, छापील मजकुरात शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा तो मोजला, तेव्हा चित्र उलटले: वागो ५३.९ टक्के, कान्गो ४१.३ टक्के आणि गाइराइगो अवघे २.९ टक्के. याचा अर्थ असा की कान्गो संख्येने पुष्कळ असले, तरी त्यांतले बरेचसे क्वचित लागणारे आहेत. वागो संख्येने कमी असून सतत राबणारे आहेत. असणे, जाणे, खाणे, पाहणे, हात, पाय, पाणी, पाऊस, वर, खाली, मोठे, लहान हे सगळे वागो आहेत. सर्वनामे, विभक्तिदर्शक शब्द आणि क्रियापदांचे प्रत्ययही बहुतांशी वागोच आहेत. कान्गो काढून टाकले तर जपानी भाषेत कायदा, शास्त्र आणि वृत्तपत्रे लिहिणे अशक्य होईल, हे खरे. पण वागो काढून टाकले तर एक वाक्यही उभे राहणार नाही.

आता ‘चिनी’ या विशेषणाविषयी. कान्गो म्हणजे चिनी लिपिचिन्हांच्या चिनी वळणाच्या उच्चारांनी, म्हणजे ओन्‌योमीने, बनलेला शब्द. तो चीनमधून आलाच असेल असे नाही. पाश्चात्त्य ज्ञान जपानीत आणण्यासाठी मेइजी काळात (१८६८ ते १९१२) असे शेकडो शब्द जपानमध्येच घडवले गेले. तत्त्वज्ञानासाठी ‘तेत्सुगाकु’ हा शब्द निशी आमाने यांनी रूढ केला. दूरध्वनीसाठीचा ‘देन्वा’ हाही जपानी घडणीचाच आहे, आणि हे दोन्ही शब्द पुढे चिनी भाषेने जपानीतून उचलले. त्याच्याही आधी, १७७४ साली ‘काइताइ शिन्शो’ हा शरीरशास्त्राचा ग्रंथ डच आवृत्तीवरून भाषांतरित झाला, तेव्हा सुगिता गेन्पाकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मज्जातंतूसाठी शब्द सापडेना. त्यांनी ‘शिन्केइ’ असा नवा शब्द घडवला आणि तो आजही चालतो.

याहून गमतीची एक जात आहे. मुळा या भाजीला जुन्या जपानीत ‘ओओने’, म्हणजे ‘मोठे मूळ’, असे देशी नाव होते. ते दोन चिनी चिन्हांनी लिहिले जाऊ लागले आणि कालांतराने लोक ती चिन्हे चिनी वळणाने वाचू लागले. त्यातून ‘दाइकोन’ हा कान्गो जन्मला. आगीच्या घटनेसाठीचा ‘काजी’ हा शब्द ‘हि-नो-कोतो’ या देशी पदापासून आणि उत्तरासाठीचा ‘हेन्जी’ हा शब्द ‘काएरिगोतो’पासून असाच लिपीच्या वाटेने तयार झाला. यांना चिनी शब्द म्हणणे म्हणजे अंगरख्यावरून माणसाचे गाव ठरवण्यासारखे आहे.

दुभाषी

मी तांत्रिक बैठकांमध्ये जपानी दुभाषाचे काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराच्या अंगाने देते. उपयोग होतो, आणि तो फार होतो. मात्र ‘वागो घरगुती, कान्गो औपचारिक, गाइराइगो आधुनिक’ हे जे सूत्र शिकवले जाते ते अर्धेच खरे आहे.

आधी ते जिथे लागू पडते ते पाहू. आई मुलाला ‘अभ्यास सुरू कर’ असे सांगताना हाजिमेरु वापरील. समारंभाचा निवेदक किंवा कंपनीचे पत्रक काइशी सुरु म्हणेल. शर्यत, नवी मोहीम किंवा नव्या आयुष्याची उमेद असेल तिथे सुताआतो येईल. वस्तुस्थिती एकच असली तरी बोलणाऱ्याचे आसन बदलते. मुक्कामाच्या जागेच्या बाबतीत तर वस्तूच बदलते: यादोया म्हणजे जुन्या वळणाची धर्मशाळेवजा खाणावळ-निवास, र्‍योकान म्हणजे तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोल्यांचे जपानी पद्धतीचे अतिथिगृह आणि होतेरु म्हणजे पलंग असलेले पाश्चात्त्य पद्धतीचे हॉटेल. भाताचेही तसेच आहे. वाडग्यात वाढलेला भात ‘गोहान’, आणि तोच भात बशीत, काट्या-चमच्यासोबत आला की ‘राइसु’. शिजवलेले तांदूळ तेच असतात. फक्त भांडे बदलते. यात भर म्हणजे रोजचा, घरगुती वाटणारा ‘गोहान’ हा शब्द कुळाने कान्गो आहे. अस्सल देशी ‘मेशी’ हा शब्द आज थोडा राकट, पुरुषी वाटतो.

आणि इथेच ते सूत्र ढासळू लागते. शौचालयासाठी ‘कावाया’ हा जुना देशी शब्द आज केवळ जुन्या साहित्यात उरला आहे. ‘बेन्जो’ हा कान्गो आहे, पण तो औपचारिक तर नाहीच, उलट चारचौघांत उच्चारायला ओबडधोबड वाटतो. ‘तोइरे’ हा गाइराइगो सर्वसाधारण व्यवहाराचा. आणि पाहुण्यांसमोर सर्वांत शिष्ट वाटतो तो ‘ओतेआराइ’, जो ‘हात धुण्याची जागा’ अशा अर्थाचा शुद्ध वागो आहे. तेव्हा कूळ कळले म्हणून शब्दाची पत कळतेच असे नाही. कर्जासाठी ‘शाक्किन’ म्हटले की मान खाली जाते. ‘रोओन’ म्हटले की तेच कर्ज एखाद्या नियोजनासारखे भासते. बँका कोणता शब्द पत्रकावर छापतात हे सांगायला नको.

परीक्षेपुरता सल्ला द्यायचा तर तीन शब्दांचे त्रिकूट एकत्र पाठ करू नये. प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यांसह पाठ करावा. ‘सोकुदो’च्या शेजारी ‘मर्यादा’ आणि ‘मोजणे’ येतात. ‘सुपीदो’च्या शेजारी ‘वाढवणे’ आणि ‘कमी करणे’ येतात. ‘हायासा’ हे तर ‘हायाइ’ या विशेषणापासून साधलेले भाववाचक नाम आहे, त्यामुळे ते कोणत्याही साध्या वाक्यात सहज बसते.

ध्वनिवेडा

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शब्द ऐकून त्याचे कूळ ओळखता येते, आणि बऱ्याच वेळा खात्रीने ओळखता येते, कारण या तिन्ही वर्गांची ध्वनिरचना वेगळी आहे.

प्राचीन देशी शब्दांच्या आरंभी ‘र’ येत नसे. जपानी कोशात ‘रा, रि, रु, रे, रो’ ही पाने उघडून पाहावीत: बहुतेक सगळे शब्द कान्गो किंवा गाइराइगो सापडतील. शब्दांच्या अंत्याक्षरांवरून खेळल्या जाणाऱ्या शिरितोरी या खेळात मुरलेले खेळाडू मुद्दाम ‘रु’ने संपणारे शब्द देऊन प्रतिस्पर्ध्याची कोंडी करतात, कारण ‘रु’ने सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्याच खेळात ‘न्’ने संपणारा शब्द देणारा हरतो, कारण ‘न्’ने कोणताही जपानी शब्द सुरू होत नाही. हा अंत्य ‘न्’ प्राचीन देशी शब्दांत नव्हताच. तो मुख्यतः चिनी शब्दांच्या ओघात आला. आरंभीचे ग, झ, द, ब हे घोष वर्णही जुन्या वागोमध्ये येत नसत. आरंभीचा ‘प’ आजच्या वागोमध्ये केवळ अनुकरणवाचक शब्दांत दिसतो: ‘पिकापिका’ म्हणजे लखलख. ‘हिकारु’, म्हणजे चमकणे, याचा आद्य वर्णही एके काळी ‘प’च होता, क्रियापदात तो बदलत ‘ह’ झाला आणि अनुकरणवाचक शब्दात तगून राहिला.

कान्गो ओळखण्याचा नियम तर फारच नेटका आहे. एका चिनी चिन्हाचा ओन्‌योमी उच्चार एका किंवा दोन मात्रांचा असतो आणि दुसरी मात्रा असलीच, तर ती दीर्घत्वाची खूण, इ, न्, कि, कु, चि किंवा त्सु यांपैकीच एक असते. गाकु, सेइ, कान, कोओ, सेकि, इचि, केत्सु हे सगळे या साच्यात बसतात. चिनीतील अंत्य ‘क्’ जपानी जिभेवर ‘कु’ किंवा ‘कि’ झाला आणि अंत्य ‘त्’ ‘त्सु’ किंवा ‘चि’ झाला. असे दोन तुकडे जोडलेले ऐकू आले, तर तो कान्गो असण्याची शक्यता फार मोठी. एकाच चिन्हाला अनेक ओन्‌योमी का असतात, याचे कारण ते उच्चार वेगवेगळ्या काळी आले: आधी बौद्ध धर्मासोबत आलेले गो-ओन, नंतर चीनच्या थांग राजवटीच्या राजधानीच्या भाषेतून आलेले कान-ओन आणि त्यानंतर झेन भिक्षू व व्यापारी यांच्यासोबत आलेले तो-ओन. ‘जाणे’ या अर्थाचे एकच चिन्ह ‘शुग्यो’, म्हणजे साधना, यात ‘ग्यो’ होते, ‘गिन्को’, म्हणजे बँक, यात ‘को’ होते आणि ‘आन्दोन’ या कागदी दिव्याच्या नावात ‘आन’ होते.

आता रेन्दाकु. दोन शब्दांचा समास होताना दुसऱ्या शब्दाचा आद्य अघोष वर्ण घोष होतो: ते आणि कामी मिळून तेगामी, यामा आणि साकुरा मिळून यामाझाकुरा, हाना आणि हि मिळून हानाबी. दुसऱ्या शब्दात आधीच एखादा घोष स्पर्श किंवा घर्षक वर्ण असेल, तर हा बदल अडतो. म्हणूनच कामी आणि काझे मिळून कामिकाझे होते, ‘कामिगाझे’ होत नाही. हा नियम बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. खाणींच्या पाहणीसाठी जपानला गेलेल्या या गृहस्थांनी १८९४ साली रेन्दाकुवर लेख लिहिला. अर्थात अठराव्या शतकातील जपानी विद्वान मोतोओरी नोरिनागा यांच्या लेखनात ही बाब त्याआधी शतकभर नोंदलेली होती, पण नाव मात्र लायमन यांचे झाले.

रेन्दाकु मुळात वागोचा गुण आहे. कॅमेऱ्याचा ‘कामेरा’ समासात गेला तरी ‘गामेरा’ होत नाही, ‘देजितारु-कामेरा’ यात ‘कामेरा’च राहतो. परंतु काही परके शब्द इतके मुरले आहेत की त्यांनाही हा नियम लागतो. पत्त्यांसाठीचा ‘कारुता’ हा पोर्तुगीज शब्द ‘इरोहा-गारुता’ असा होतो. पावसाळी अंगरख्याचा ‘काप्पा’ हाही पोर्तुगीज, आणि तो ‘आमा-गाप्पा’ होतो. कान्गोंपैकी ‘काइशा’, म्हणजे कंपनी, हा शब्द ‘काबुशिकि-गाइशा’ यात ‘गाइशा’ बनतो. बोलणाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक नसते, पण त्याच्या जिभेने या शब्दांना घरातले मानले आहे, हे रेन्दाकुवरून दिसते. ‘ताबाको’ची परीक्षा मात्र अशी घेता येत नाही: त्याच्या पोटात ‘ब’ असल्याने लायमनच्या नियमाने तो आधीच सुटतो.

माझ्या मते म्हणूनच हे तीन वर्ग निव्वळ वंशावळ मानणे चूक आहे. शब्द कसा उच्चारला जातो, कोणाशी समास करतो आणि कोणते प्रत्यय घेतो, यावरून त्याचे आजचे घर ठरते, मग त्याचा जन्म कुठेही झालेला असो.

अभ्यासू

अतिशय उपयुक्त माहिती मिळाली, आभारी आहे. यावरून दोन उपप्रश्न सुचले. गाइराइगो काताकाना लिपीत लिहितात असे शिकवले जाते. मग लिपी पाहून कूळ ठरवता येणार नाही का? आणि गाइराइगो म्हणजे इंग्रजी शब्द, असे समजून चालले तर बिघडते कुठे?

लिपिकार

लिपीवर विसंबू नये. ‘ताबाको’ (तंबाखू, सिगारेट) हिरागानात, म्हणजे देशी शब्द व प्रत्यय लिहिण्याच्या नेहमीच्या अक्षरलिपीतही लिहितात आणि ‘धूर’ व ‘गवत’ या अर्थाच्या दोन चिनी चिन्हांनीही लिहितात; तेम्पुराचा ‘पुरा’ बहुधा हिरागानातच दिसतो. उलट काताकाना देशी अनुकरणवाचक शब्दांना, प्राणी-वनस्पतींच्या शास्त्रीय मजकुरातील नावांना आणि कधी नुसत्या ठसक्यासाठीही वापरतात. आणखी एक अडचण अशी की राआमेन (शेवयांचा पदार्थ), ग्योओझा (सारणाची करंजी) आणि माआजान (सोंगट्यांचा खेळ) हे शब्द चीनमधून आले असले तरी कान्गोत मोडत नाहीत. ते अर्वाचीन काळात, अर्वाचीन उच्चारांसह आले म्हणून त्यांची गणना गाइराइगोत होते. म्हणजे प्रश्न ‘कुठून’ इतकाच ‘केव्हा’ हाही आहे.

इंग्रजीचे समीकरण धरले तर बरेच बिघडते. पोर्तुगीज लोक १५४३ साली तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्यामागून ‘पान’ (पाव), ‘बोतान’ (गुंडी), ‘काप्पा’, ‘कारुता’, ‘कासुतेरा’ (एक प्रकारचा केक) हे शब्द आले. पुढे युरोपीयांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना, तेही १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर, राहू दिले गेले. त्या काळाची आठवण ‘गारासु’ (काच), ‘बीइरु’, ‘कोओही’, ‘गोमु’ (रबर), ‘मेसु’ (शस्त्रक्रियेची सुरी) आणि शाळकरी मुलांच्या पाठीवरचे ‘रान्दोसेरु’ यांत आहे. मेइजी काळात वैद्यक जर्मनीकडून शिकले गेले, म्हणून ‘कारुते’ (रुग्णाची नोंदपत्रिका), ‘गिपुसु’ (प्लास्टर) आणि ‘वाकुचिन’ (लस) जर्मन आहेत; अर्धवेळ नोकरीचा ‘आरुबाइतो’ही जर्मनच. ‘आतोरिए’ (कलावंताची कार्यशाळा) आणि ‘आन्केएतो’ (प्रश्नावली) फ्रेंच, ‘इकुरा’ (माशाची अंडी) आणि ‘नोरुमा’ (नेमून दिलेले काम) रशियन, ‘राक्को’ (समुद्री पाणमांजर) आणि ‘तोनाकाइ’ (रेनडिअर) आयनू भाषेतले.

सर्वांत बोलके उदाहरण कागदी पत्त्याचे आहे. मूळ एकच लॅटिन शब्द जपानीत चार दारांनी शिरला: पोर्तुगीजांकडून खेळायचा ‘कारुता’, जर्मनांकडून दवाखान्यातला ‘कारुते’, इंग्रजीतून ‘काआदो’ आणि फ्रेंचांकडून उपाहारगृहातील ‘आराकारुतो’. चौघांनी आपापला धंदा वाटून घेतला आहे आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. काचेचेही तसेच: पदार्थ तो ‘गारासु’, डचांचा; पेला तो ‘गुरासु’, इंग्रजांचा. एका भाषेतून दोनदा आलेले शब्दही आहेत. कामगारांचा संप ‘सुतोराइकी’ आणि बेसबॉलमधला ‘सुतोराइकु’. कपड्यांची इस्त्री ‘आइरोन’ आणि गोल्फची काठी ‘आइआन’. शिवणयंत्र ‘मिशिन’ आणि इतर यंत्र ‘माशिन’.

आणि जे इंग्रजी दिसते ते सगळे इंग्रजी असतेच असे नाही. ‘हान्दोरु’ म्हणजे गाडीचे सुकाणू-चक्र, ‘कोन्सेन्तो’ म्हणजे भिंतीतील विजेचे प्लग-छिद्र, ‘कान्निन्गु’ म्हणजे परीक्षेतली कॉपी, ‘मान्शोन’ म्हणजे इमारतीतील सदनिका. हे अर्थ इंग्रजी जाणणाऱ्याला सुचणार नाहीत, उलट त्याला ते हटकून चकवतील.

सेत्सुना

वरील चर्चेत एक थर राहून गेला आहे, आणि मराठी वाचकाला तो सर्वांत जवळचा वाटेल. बौद्ध ग्रंथ चिनीत भाषांतरित होताना कित्येक संस्कृत शब्द अर्थाने नव्हे, तर उच्चाराने लिहून घेतले गेले आणि ते तसेच जपानीत उतरले. मी जे टोपणनाव घेतले आहे तो ‘सेत्सुना’ म्हणजे आपला ‘क्षण’. ‘नाराकु’ म्हणजे नरक, आणि काबुकी रंगमंचाच्या खालच्या अंधाऱ्या तळघरालाही ‘नाराकु’च म्हणतात. ‘एन्मा’ म्हणजे यम, ‘झेन’ म्हणजे ध्यान. ‘शारी’ म्हणजे शरीर: मुळात बुद्धाच्या अस्थी, आणि त्या पांढऱ्या कणांशी असलेल्या साम्यामुळे सुशीच्या दुकानातला भातही. ‘दान्ना’ची वाटचाल सर्वांत लांब आहे. दान देणारा तो दाता, दाता म्हणून आश्रयदाता, आश्रयदाता म्हणून धनी, आणि धनी म्हणून शेवटी नवरा. छपरावरच्या कौलाला ‘कावारा’ म्हणतात. हा शब्द ‘कपाल’पासून आल्याचे सामान्यतः मानले जाते, पण जपानी माणसाच्या कानाला तो शंभर टक्के देशी वाटतो.

ध्वनिवेडा यांच्या मुद्द्याला यातून दुजोराच मिळतो. ‘सेत्सुना’ला कान्गो म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल; पण तो चिनी चिन्हांत लिहिला जातो, कान्गोंच्या पंगतीला बसतो आणि त्यांच्यासारखाच वागतो.

काठावरचा

हे सगळे वाचायला रंजक आहे, पण गाइराइगोंच्या सुळसुळाटाविषयी कोणी काहीच कसे बोलत नाही? जपानमध्येच त्याबद्दल नाराजी आहे. २०१३ साली गिफु प्रांतातील एका ज्येष्ठ नागरिकाने, एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या कार्यक्रमांतील परक्या शब्दांमुळे आपल्याला मनस्ताप होतो, म्हणून १४ लाख १० हजार येनची भरपाई मागणारा दावा दाखल केला होता. संशोधन संस्थेनेही पर्यायी शब्द सुचवले होते असे वाचल्याचे आठवते. त्याचे पुढे काय झाले?

कोशवाचक

दावा फेटाळला गेला. संस्थेच्या समितीने २००३ ते २००६ या काळात १७६ शब्दांना पर्याय सुचवले. रुग्णाला पूर्ण माहिती देऊन घेतलेल्या संमतीसाठी जो लांबलचक इंग्रजी शब्दप्रयोग रुग्णालयांत चालतो, त्याला ‘नात्तोकु शिन्‌र्‍यो’, म्हणजे ‘पटवून केलेली चिकित्सा’, असा पर्याय दिला. वृद्धांच्या दिवसभराच्या देखभाल-सेवेला ‘देइ साआबिसु’ऐवजी ‘हिगाएरी काइगो’ सुचवले. पहिला पर्याय कान्गो आहे आणि दुसऱ्यात वागो व कान्गो यांचा मेळ आहे. व्यवहारात मात्र ‘देइ साआबिसु’च चालला. ज्या वृद्धांसाठी ती सेवा आहे त्यांनाच तिचे नाव परके वाटावे, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तथापि सरसकट गाइराइगोंना हाकलावे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या जागी येणारे कान्गो कानाला नेहमीच सोपे नसतात. विज्ञान आणि रसायनशास्त्र हे दोन्ही शब्द ‘कागाकु’ असेच उच्चारले जातात. घोटाळा टाळण्यासाठी लोक रसायनशास्त्राला मुद्दाम ‘बाकेगाकु’ म्हणतात, म्हणजे पहिले चिन्ह देशी उच्चाराने वाचतात. खासगी संस्था आणि नगरपालिकेची संस्था या दोन्ही ‘शिरित्सु’च; म्हणून एकीला ‘वाताकुशिरित्सु’ आणि दुसरीला ‘इचिरित्सु’ म्हणावे लागते. कागदावर चिन्हे वेगळी असल्याने गोंधळ होत नाही. बोलताना मात्र शेवटी वागोच मदतीला येतो.

दुभाषी

क्रियापदांविषयी एक भर घालते, कारण अभ्यासू यांना ती लगेच उपयोगी पडेल. कान्गो आणि गाइराइगो यांना क्रियापद व्हायचे असेल, तर बहुधा ‘सुरु’ (करणे) हा टेकू घ्यावा लागतो. थेट रूपे चालवण्याचा मान सहसा वागोलाच. पण अपवाद आहेत आणि ते रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘साबोताआजु’ या फ्रेंच वळणाच्या शब्दाचे पहिले दोन वर्ण घेऊन त्याला ‘रु’ जोडला आणि ‘साबोरु’ (काम किंवा वर्ग टाळणे, दांडी मारणे) हे क्रियापद झाले. त्याची रूपे साबोरानाइ, साबोरिमासु, साबोत्ता अशी, कोणत्याही जुन्या देशी क्रियापदासारखी चालतात. लिहिताना ‘साबो’ काताकानात आणि ‘रु’ हिरागानात. शिवण उघडी दिसते, पण कापड टिकाऊ आहे. ‘मेमोरु’ (टिपून घेणे) आणि ‘गुगुरु’ (इंटरनेटवर शोधणे) हीही त्याच घडणीची.

अभ्यासू

शेवटची एक शंका. अंक मोजताना कधी ‘इचि, नि, सान’ आणि कधी ‘हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु’ असे का, आणि माणसे मोजताना मधेच नियम का मोडतो?

ध्वनिवेडा

‘इचि, नि, सान’ कान्गो आहेत आणि ‘हितोत्सु’ची माळ वागो आहे. देशी माळ आज दहापर्यंतच सर्रास चालते. त्यापुढे ‘हात्सुका’ (वीस तारीख), ‘हाताची’ (वीस वर्षे वय) असे तुरळक अवशेष उरले आहेत. त्या माळेत एक सुंदर गोष्ट दडलेली आहे: हितो-फुता, मि-मु आणि यो-या या जोड्यांत व्यंजन जवळपास तेच राहते, स्वर बदलतो आणि संख्या दुप्पट होते.

माणसे मोजताना ‘हितोरी’ आणि ‘फुतारी’ शुद्ध वागो आहेत, ‘सान्निन’ शुद्ध कान्गो आहे आणि ‘योनिन’ मिश्र आहे, कारण त्यात ‘यो’ देशी आणि ‘निन’ चिनी वळणाचा. चारचा कान्गो उच्चार ‘शि’ हा मृत्यूवाचक शब्दाशी मिळताजुळता असल्याने टाळला गेला, असे सामान्यतः सांगतात. ‘गोनिन’पासून पुन्हा कान्गो सुरू होतात, सातला मात्र ‘शिचिनिन’ आणि ‘नानानिन’ दोन्ही चालतात. तीन आणि चार माणसांसाठी ‘मितारी’ आणि ‘योत्तारी’ अशी देशी रूपेही होती. जुन्या मजकुरात ती भेटतील, परीक्षेत ती लिहू नयेत.